अर्ध्या तिकिटाचा प्रवासी रिकामटेकडा नव्हे

संपादक महोदय,

आपल्या वाचकांच्या पत्रांत एकाने तक्रार केली होती की, कामधंदा नसलेले म्हातारे सवलतीचं तिकीट काढून हिंडत बसतात, त्यामुळे नोकरदारांना एसटीत जागा मिळत नाही आणि महामंडळही तोट्यात जातं. मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो आणि आता त्या हिंडणाऱ्यांतलाच एक आहे. तेव्हा दोन्हीकडचं थोडं सांगतो.

आधी पैशाचं. ७५ वर्षं पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटी मोफत आहे. ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं आहे, आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. या सवलतीची भरपाई महामंडळाला राज्य सरकार देतं. ती वेळेवर येते का, हे कुठल्याही डेपोत विचारा. हातातला चहा गार होईपर्यंत ऐकायला मिळेल. पण भरपाईचा हिशेब मशीनमधून निघालेल्या तिकिटावर होतो. म्हणून पंच्याहत्तरीपुढच्यांना माझं सांगणं, ‘माझं फुकट आहे’ म्हणत आधार कार्ड नुसतं हलवू नका, शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्या. ते फाडलं नाही तर तुमचा प्रवास हिशेबात धरलाच जात नाही, आणि वाटेत चेकर चढला तर वाहक बिचारा अडकतो.

आता हिंडण्याचं. निवृत्तीनंतर काय करावं यावर लेख येतात, त्यांत परदेशी सहली असतात, गुंतवणूक असते. ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ साली महिना १००० रुपये ठरली. माझी त्याहून थोडी जास्त आहे. तेवढ्यात युरोप बसत नाही, आपल्या जिल्ह्यातलं औंध बसतं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये गेली ती गेलीच, त्यामुळे पंढरपूर असो नाहीतर कोल्हापूर, आमची भिस्त लाल गाडीवर.

आम्ही चौघं जण आहोत. मी, एक पोस्टमन, एक प्राथमिक शाळेचे गुरुजी आणि एक गवंडी. बाकीचे निवृत्त, गवंड्याला कोण निवृत्त करणार, त्याच्या गुडघ्यांनीच काम सोडलं. साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या जुन्या बारा मोटेच्या विहिरीत उतरला तो वर यायलाच तयार नाही. कमानीचा एकेक दगड चाचपून सांगत होता, हा आधी बसवला असणार, हा मागाहून, आणि इथं कारागिराचा हात बदललाय. गुरुजींनी पोरांच्या सहली तिथं कितीतरी नेल्या, पण त्या दिवशी ते स्वतःच पोरासारखे ऐकत होते. औंधला टेकडीवरच्या संग्रहालयात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेली चित्रं-शिल्पं आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘आई आणि मूल’ही आहे. आम्ही ते बघत होतो, आणि पोस्टमनची चिंता वेगळीच. विलायतेहून हे पार्सल औंधला धड पोचवलं कुणी? परतीच्या गाडीत रहिमतपूर येईपर्यंत त्याचा हाच विषय. घरी बसून मालिका बघण्यात ही मजा नाही.

जागेच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. सकाळी साडेसात-आठच्या गाडीत शाळा-कॉलेजची पोरं आणि नोकरदार लोंबकळत असतात, तिथं आमच्यासारख्यांचं काम नाही. आम्ही दहानंतरची गाडी धरतो. पण ती सुटेल याची खात्री कुठं आहे? चालक कमी पडला किंवा गाडी वर्कशॉपला गेली की पहिली गदा दुपारच्या खेड्याच्या फेरीवर येते, कारण तिचं उत्पन्न कमी. दुपारची फेरी बेभरवशाची झाली की दवाखान्याला, बँकेला निघालेला म्हातारा नाइलाजाने सकाळच्याच गाडीत घुसतो. मग नोकरदार त्याच्यावर डोळे वटारतो.

तेव्हा अकरा ते चार या वेळेतल्या फेऱ्या नेमाने सोडाव्यात. रद्द झालीच तर सकाळीच फलकावर खडूने लिहावं, म्हणजे माणसं दोन-दोन तास बाकड्यावर ताटकळणार नाहीत. स्टँडवरची स्वच्छतागृहं वापरण्याजोगी असावीत. वाटेत अडचण नको म्हणून आमची मंडळी घरून निघताना पाणीच पीत नाही, आणि तिच्यासारख्या कितीतरी बायका आहेत.

वाहक मित्रांनाही एक विनंती. आजी-आजोबा चढले की ते टेकेपर्यंत डबल बेल देऊ नका. पुढं चालकाला मागं कोण उभं आहे ते दिसत नाही, तो बेलवरच गाडी काढतो.

– एक निवृत्त एसटी वाहक, सातारा