शिबिरातले ध्यान आणि बाजाराच्या दिवशीची तलफ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ध्यान केले की दारू सुटते, अशा धर्तीचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. ‘डोळे मिटून बसल्याने कुठे दारू सुटते का’ म्हणून हा विषय उडवून लावणारेही गावोगाव भेटतात. दोघेही ध्यानाकडून दारू सोडवण्याची अपेक्षा धरतात. त्याचा खरा उपयोग त्यानंतर सुरू होतो: सोडलेली दारू पुन्हा हातात येऊ नये यासाठी. पण व्यसनमुक्ती केंद्राच्या हॉलमध्ये सकाळी रांगेत बसून केलेले ध्यान त्या कामी फारसे पडत नाही. घरी आल्यावर, आठवडे बाजारात, हळदीच्या मांडवात, तीन मिनिटांत आणि उघड्या डोळ्यांनी जमेल असे काही शिकवलेले असावे लागते. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या लिहिलेल्या असतात, ही गोष्ट बहुधा नसते.

आधी क्रम. रोज सकाळपासून पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भास होणे, बरळणे, घरची माणसे न ओळखणे इथपर्यंत मजल गेली तर जीव धोक्यात असतो. अशा माणसाला खोलीत कोंडून नामस्मरण करायला लावणे हा अघोरी प्रकार आहे; त्याला दवाखान्यात न्यावे. धुळे-मालेगाव पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ नावाने विकल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम या चिंताशामक गोळीचेही तसेच. ती एकदम थांबवल्यास फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात. झोप आणि जेवण जरा मार्गावर आले की, म्हणजे साधारण दोन-तीन आठवड्यांनी, ध्यानाला सुरुवात करावी. ते जमू लागले म्हणून नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट ही तलफ कमी करणारी औषधे आपल्या मनाने बंद करू नये. (डायसल्फिरम, म्हणजे दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी गोळी, गुपचूप वरणात मिसळणाऱ्या घरच्यांनाही इथेच सांगतो: वरून दारू प्यायली गेली तर रक्तदाब कोसळू शकतो. ही गोळी घेणाऱ्याला सांगूनच द्यायची असते.)

पुन्हा पिणे टाळण्यासाठी ध्यान वापरण्याच्या या पद्धतीची घडी अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. आठ आठवडे, दर आठवड्याला दोन तासांची बैठक आणि मधल्या दिवसांत घरचा सराव. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचाराचा पहिला टप्पा पूर्ण केलेल्या 286 जणांचे तीन गट केले होते: नेहमीचा फॉलोअप, रिलॅप्स (पुन्हा व्यसनाकडे वळणे) टाळण्याचे प्रशिक्षण आणि ध्यानासह तेच प्रशिक्षण. तीन महिन्यांनी तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सहा महिन्यांनी प्रशिक्षण घेतलेले दोन्ही गट पुढे होते. वर्षभरानंतर मात्र ध्यानाच्या गटात नशेचे दिवस इतर दोन्ही गटांपेक्षा कमी भरले. सगळ्या अभ्यासांत इतके स्पष्ट निकाल आलेले नाहीत, परिणाम मध्यमच धरावा. पण शिबिर भरवणाऱ्यांनी त्या तीन महिन्यांच्या आकड्याकडे जरूर पाहावे. फायदा उशिरा दिसतो, आणि पुन्हा पिण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्या तीन महिन्यांतच. तो काळ औषधे, फॉलोअप आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारख्या स्वमदत गटांच्या सभा यांच्या आधारानेच काढावा लागतो.

आता नेमके करायचे काय? मार्लट यांनी या सरावाला तलफेच्या लाटेवर स्वार होणे म्हटले. खान्देशात समुद्र नाही. तापीचा पूर डोळ्यांपुढे आणावा. पाणी चढते, काही वेळ टिकते, ओसरते. काठावरच्या माणसाने फक्त पाण्यात उतरायचे नसते. दारूची तलफ तिला खतपाणी मिळाले नाही तर बहुधा 20 ते 30 मिनिटांत उतरणीला लागते. तेवढा वेळ काढण्याची रीत अशी. प्रथम जागा सोडावी. दुकानासमोर, गुत्त्याशेजारी किंवा पिणाऱ्यांच्या पंगतीत बसून हा सराव करायचा नाही. ग्लासभर पाणी प्यावे, कारण आपल्याकडच्या वैशाखात तहान आणि तलफ यांची गल्लत सहज होते. पाणी पिऊन पाच मिनिटांत निम्मी तलफ गेली तर ती बहुधा तहान होती. मग खुर्चीवर किंवा खाटेच्या कडेला, तळपाय जमिनीला टेकवून बसावे. पद्मासनाची गरज नाही. डोळे अर्धे उघडे, नजर चार-पाच फुटांवर जमिनीकडे.

तलफ शरीरात कुठे आहे ते शोधावे. कोणाच्या तोंडाला पाणी सुटते, कोणाचा घसा आवळतो, कोणाच्या पोटात पोकळी पडते, तळहाताला घाम येतो, जबडा घट्ट होतो. जागा सापडली की शून्य ते दहामध्ये तिला आकडा द्यावा आणि तो वहीत लिहावा. मग नेहमीच्या लयीतला श्वास पोटाशी पाहत राहावे. तो लांबवायचा नाही, रोखायचा तर मुळीच नाही. दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा त्या जागेकडे लक्ष न्यावे: आकडा वाढला, तितकाच राहिला की उतरला? ‘एक क्वार्टरच घेऊ’, ‘आज शेवटची’, ‘तिने भांडण काढले म्हणून’ अशी वाक्ये येणारच. त्यांच्याशी वाद घालू नये. ‘हा विचार आला’ एवढीच मनात नोंद करून परत पोटाकडे. आकडा तीनच्या खाली आला की उठावे आणि हाताला काम द्यावे.

सराव फसतो तो प्रामुख्याने तलफ घालवण्यासाठी ध्यान केल्याने. दर मिनिटाला ‘गेली का, गेली का’ पाहणारा माणूस तिच्याशी झुंजतच असतो, आणि झुंजीने ती पेटते. इथे काम फक्त पाहत राहण्याचे आहे. आणखी एक अडचण मेंदूच्या शिकण्यात आहे. दहा वेळा नकार आणि अकराव्या वेळी दोन घोट, असे झाले की चिकाटी धरली तर शेवटी मिळते हे तलफ शिकते, आणि पुढच्या वेळी जास्त वेळ टिकते. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सर्वांत उशिरा मोडते. ‘कंट्रोलमध्ये पिईन’ हा बेत बहुतेकांचा इथेच कोसळतो. आणि पहिला प्रयोग मोठ्या तलफेवर करायचा, हा तर हमखास फसणारा प्रकार. आधी पंधरा दिवस चहाची तल्लफ, डासाची खाज, मोबाईल उघडण्याची ओढ अशा तीन-चार आकड्यांच्या गोष्टींवर हात बसवावा.

रोजचा सराव मूळ कार्यक्रमात अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. शेतावर किंवा शिफ्टमध्ये राबणाऱ्याला तो झेपत नाही, आणि झेपत नाही म्हणून सगळेच सुटते. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे, दुसऱ्यात आठ, असे वाढवत महिन्याअखेर वीसपर्यंत न्यावे. वेळ पहाटेची, मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा दुपारी बसणे म्हणजे चिडचिड विकत घेणे. पायाच्या बोटांपासून टाळूपर्यंत एकेका भागाकडे लक्ष नेण्याचा सराव आडवे पडून केला की झोप लागते. रात्री झोपेसाठी तो केलात तर बरेच, पण सकाळचा बसूनच करावा.

ऐनवेळचा तीन मिनिटांचा सराव वेगळा. थांबायचे, आत काय चालले आहे ते पाहायचे, दहा-बारा श्वास मोजायचे, लक्ष सगळ्या शरीरावर आणि भोवतालच्या आवाजांवर पसरवायचे, आणि मगच पुढे काय करायचे ते ठरवायचे. शेवटची पायरी लोक गाळतात. शांत वाटले म्हणून तिथेच बसून राहतात आणि पुढचा ग्लास समोर येतो. ‘ठरवायचे’ म्हणजे पाय कुठल्या दिशेने न्यायचे आणि फोन कोणाला लावायचा, हे.

तलफ कधी येणार याचा अंदाज आपल्याकडे पंचांगावरून बांधता येतो. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) पत्त्यांचे डाव, पोळ्याची संध्याकाळ, सारंगखेड्याची यात्रा, सातपुड्यात भोंगऱ्या बाजार आणि होळी, लग्नसराईतली हळदीची रात्र. त्याखेरीज केळीचे किंवा कापसाचे पैसे हातात येण्याचा दिवस, ज्याकडे कोणीच लक्ष देत नाही. अशा दिवसाच्या तीन दिवस आधी तीन मिनिटांचा सराव सकाळ, दुपार, संध्याकाळ करावा. पैसे खात्यात किंवा घरच्या माणसाच्या हाती जातील अशी सोय करावी आणि मांडवातून कोणाबरोबर, किती वाजता निघायचे ते ठरवून ठेवावे. एरवी रोज संध्याकाळी चार गोष्टी तपासाव्यात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातल्या दोन जरी एकत्र आल्या तरी वही काढावी. भूक असेल तर आधी भाकरी खावी, ध्यान नंतर.

तंबाखूचे वेळापत्रक वेगळे. तिची ओढ बहुधा तीन ते पाच मिनिटांची, पण दिवसातून कितीतरी वेळा येणारी. तिथे बसून ध्यानाला वेळच नसतो. हात चुन्याच्या डबीकडे किंवा खिशाकडे निघाला तो क्षण पकडणे, हाच सराव. पुडीची जागा बदलली की हात थबकतो आणि तो क्षण पकडता येतो.

सर्वांनाच डोळे मिटून बसणे मानवत नाही. भास-भ्रमाचा आजार, बायपोलर, मनावर मोठा आघात झालेला असेल तर दीर्घ मौनाचे ध्यान मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नको. श्वासाकडे लक्ष दिल्यावर छाती धडधडत असेल तर श्वास सोडून तळपायाकडे लक्ष द्यावे किंवा अंगणात सावकाश चालावे. इगतपुरीचे दहा दिवसांचे विपश्यना शिबिर अनेकांना उपयोगी पडले असेल, पण दारू सोडून दहा-बारा दिवस झालेल्या माणसाला घरच्यांनी तिकडे पाठवू नये. ते व्यसनमुक्तीचे केंद्र नाही.

घरच्यांसाठी थोडे. ‘आज ध्यान केलेस का’ हा प्रश्न आणि येता-जाता तोंडाचा वास घेणे, दोन्ही बंद करावे. त्याने चोरून पिणे तेवढे वाढते. सकाळची वीस मिनिटे त्याला मोकळी द्यावीत. स्लिप झाली, म्हणजे मध्येच एकदा पिणे झाले, तर त्या रात्री भांडण काढू नये. एका क्वार्टरनंतर ‘आता सगळे संपलेच’ हा विचार येतो आणि पुढच्या आठ दिवसांचे पिणे त्यातून होते. तो विचारही तलफेसारखाच पाहायचा, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत समुपदेशकाला भेटायचे किंवा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा गाठायची. (त्यांच्या बारा पायऱ्यांतली अकरावी प्रार्थना आणि ध्यानाचीच आहे, त्यामुळे हे तिथे परके वाटत नाही.) अफू-हेरॉइनसारख्या नशेत मात्र स्लिप जीवघेणी ठरू शकते. खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुनीच मात्रा घेतली तर श्वास बंद पडतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या केंद्रचालकांकडे मागणी एवढीच, की डिस्चार्जच्या आधीचे किमान आठ दिवस हा सराव एकेकाकडून करून घ्यावा, बरोबर आकड्यांची वही द्यावी आणि पहिले तीन महिने दर आठवड्याच्या फॉलोअपला ती वही तपासावी. ज्यांच्या जवळ केंद्र नाही त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416 हे क्रमांक मोफत आहेत. फोन करताना कोणती नशा, रोज किती, शेवटची कधी घेतली, पूर्वी फिट आली होती का आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून हाताशी ठेवावे.

आपले,
व्यसनमुक्ती क्षेत्रात काम करणारे काही समुपदेशक,
खान्देश