कवडशाच्या वेगाने

ती. आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी नाटक करत नाही, नाचतही नाही, तर उन्हाच्या या नव्या प्रयोगात नेमके करते काय, असे बाबांनी विचारले होते. फोनवर ते नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दुपार कलल्यावर पश्चिमेच्या खिडकीतून रिकाम्या खोलीत कवडसा येतो. तो समोरच्या भिंतीवर चढून विझेपर्यंत मी माझे सारे शरीर त्याच्या आत ठेवायचे, एवढाच या सादरीकरणाचा नियम आहे. सुरुवातीला कवडसा मिनिटाला एखाद-दोन सेंटिमीटरच सरकतो, त्यामुळे पाऊल उचलून टाकणे शक्यच नसते. टाचेवरचा भार चवड्यावर नेण्यातच काही मिनिटे जातात आणि पोटऱ्या थरथरू लागतात. सूर्य उतरू लागला की तिरप्या किरणांमुळे कवडसा लांबत जातो, त्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो, आणि भिंत गाठल्यावर तो पुन्हा संथ होतो. ही लय मी बसवलेली नाही. ती पृथ्वीच्या फिरण्याची आणि त्या खोलीच्या मापांची आहे, आणि मला तिचेच सर्वाधिक आकर्षण वाटते.

सरावात मी कवडशाची कड खडूने आखून ठेवते, पण सूर्याचा मार्ग रोज थोडा बदलत असल्याने कालची रेघ आज जुळत नाही. शिवाय ती कड म्हणजे रेघ नसतेच. सूर्य आपल्याला सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून खिडकीच्या चौकटीपासून चार मीटरवर सावलीची कड जवळजवळ चार सेंटिमीटर पसरट होते. त्या धूसर पट्ट्यात बोट उन्हात आहे की सावलीत, हे डोळ्यांनी ठरत नाही. त्वचेला लागणाऱ्या उबेवरून ते ओळखायला मी शिकते आहे.

सर्वांत अवघड प्रश्न ढगाचा आहे. कवडसा नाहीसा झाला की मी काय करावे, यावर बरेच दिवस विचार केला. अंदाजाने पुढे सरकत राहणे मला खोटे वाटले, म्हणून ऊन परत येईपर्यंत आहे त्या स्थितीत थांबायचे ठरवले आहे. ते परतते तेव्हा कवडसा पुढे गेलेला असतो आणि मी सावलीत उरलेली असते. ते अंतर तितक्याच सावकाश भरून काढणे हा मला या कामाचा गाभा वाटतो.

आई, तुला माझ्या त्वचेची काळजी वाटते. डेनिस ओपेनहाइम या कलावंताने 1970 मध्ये छातीवर पुस्तक ठेवून पाच तास उन्हात पडून त्वचा भाजू दिली होती. मी त्या वाटेने जाणार नाही. अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात अयनदिनांच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाच्या, सूर्योदय-सूर्यास्ताशी जुळतील असे चार काँक्रीटचे बोगदे उभारणारी नॅन्सी होल्ट मला अधिक जवळची वाटते, कारण तिथे सूर्याकडे लक्ष देणे हीच कृती आहे.

सादरीकरण साधारण दोन तासांचे असेल. खुर्च्या बाजूच्या भिंतीलगत मांडणार आहे, त्यामुळे आईच्या डोळ्यांवर थेट ऊन येणार नाही, आणि बाबांना मध्येच उठून पाय मोकळे करता येतील. तुम्ही दोघांनी अवश्य यावे. दिवस ठरला की कळवते.

तुमची,
लेक