भिंतीच्या रंगावरून स्वभाव सांगण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई तोंडावर आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून एका ठरावीक विषयावरचे लेख फिरू लागतात : घराला कोणता रंग दिला आहे ते सांगा आणि घरमालकाचा स्वभाव ओळखा. निळा रंग निवडणारा शांत व अंतर्मुख, पिवळा निवडणारा आनंदी, लाल निवडणारा धाडसी, करडा निवडणारा संयमी, असा त्यांचा साधारण सूर असतो. दारव्हा तालुक्यात माझे हार्डवेअर आणि रंगाचे दुकान आहे. लोकांनी आपापल्या स्वभावाला शोभेल असा नवा रंग दरवर्षी शोधत यावे, यात खरे तर माझा फायदाच आहे. तरीही गल्ल्यावर बसून जे दिसते ते या लेखांशी जुळत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी जुन्या घरांचे पाहू. आमच्या भागातील मातीच्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीने पोतारलेल्या किंवा चुन्याने रंगवलेल्या असत, खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा असे आणि जमीन शेणाने सारवलेली असे. भंडारा-गोंदियाकडे हेच काम छुई मातीने होई. कळीचा चुना रात्रभर पाण्यात विरवून, फडक्यातून गाळून, त्यात थोडा डिंक किंवा मीठ घालून तो कुंच्याने मारला जाई. चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्यात टिकणारे रंगही मोजकेच होते : गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा आणि निळीचा निळसर. गेरूचा पट्टा शोभेचा वाटत असला तरी त्याचे खरे काम पावसाळ्यात होते, कारण वळचणीचे पाणी अंगणात पडले की काळ्या मातीचे शिंतोडे साधारण तेवढ्याच उंचीपर्यंत उडतात. सारे गाव असे एकाच रंगात दिसे, आणि त्या गावात भांडखोर, प्रेमळ, कंजूष, उधळे असे सगळ्या तऱ्हेचे लोक राहत असत. १९३६ साली गांधीजी ज्या सेगावात राहायला गेले, त्या आजच्या सेवाग्रामची बापूकुटीही मातीचीच आहे. तिच्या भिंतींवर मीराबेन यांनी ताडाची झाडे आणि चरखा मातीच्या उठावात काढले. एखाद्या व्यक्तीची छाप भिंतीवर पाहायची असेल तर ती तिथे दिसते, आणि त्यासाठी वेगळा रंग लागलेला नाही.

रंगाला एकच ठरीव अर्थ असतो, हे गृहीतक तर विदर्भातल्या निळ्या रंगापुढे टिकतच नाही. आमच्याकडे कोणत्याही गावात बौद्ध वस्तीकडे वळले की निळी दारे, निळे कठडे, निळ्या कमानी आणि विहाराच्या निळ्या कडा दिसू लागतात. १९४२ साली नागपुरात स्थापन झालेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाचा झेंडा निळा होता, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाल्यानंतर विदर्भातल्या असंख्य कुटुंबांच्या ओळखीत तो रंग कायमचा मिसळून गेला. ज्यांच्या आजोबांना गावच्या सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांनी रस्त्याकडच्या दाराला निळा रंग दिला असेल, तर त्यातून 'शांत व अंतर्मुख' स्वभाव वाचणाऱ्याला काहीच वाचता आले नाही, असे म्हणावे लागेल. तो रंग चारचौघांत ताठ मानेने सांगितलेली ओळख आहे. एकाच घरातला थोरला भाऊ अबोल आणि धाकटा बोलका असला, तरी दारे दोघांचीही निळीच असतात. मुस्लिम मोहल्ल्यातली हिरवी चौकट किंवा काही घरांवरची भगवी पट्टी यांच्याबाबतही हेच खरे आहे. याच्या उलट प्रकारही मी पाहतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले की काही गिऱ्हाइके 'कोणत्याच पक्षाचा वाटणार नाही असा रंग द्या' म्हणून येतात. निळा, हिरवा, भगवा, गुलाबी वगळत गेले की शेवटी क्रीम उरतो. आमच्याकडे क्रीम एवढा खपतो याचे हेही एक कारण असावे.

पैशाचा भाग या लेखांतून पूर्णपणे सुटतो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील घरकुलासाठी मूळ अर्थसाहाय्य १,२०,००० रुपये आणि घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असे ठरवलेले होते. ही रक्कम हप्त्याहप्त्याने मिळते, आणि पाया, भिंती, स्लॅब करता करता ती कधी संपते ते कळतही नाही. त्यामुळे कितीतरी घरकुले प्लास्टरच्या करड्या रंगातच वर्षानुवर्षे राहतात. हा करडा 'संयमी' माणसाचा आहे असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे. त्या घरात राहणाऱ्याला मात्र कापूस विकला गेला की पहिल्यांदा प्रायमरचा हात मारायचा असतो. ज्यांना रंग देणे जमते त्यांचीही निवड अनेकदा स्वतःची नसते. वीस लिटरचा डबा स्वस्त पडतो म्हणून दोन शेजारी मिळून एकच डबा घेतात आणि दोघांच्या भिंती सारख्या होतात. पेंटरकडे आधीच्या कामातून अर्धा डबा उरलेला असतो, तो आतल्या खोलीला खपवला जातो. कोणी वास्तुशास्त्र सांगणाऱ्याकडून दिशेप्रमाणे रंग लिहून आणतो, तर कोणाचा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा तिथल्या फ्लॅटचा फोटो पाठवतो. रस्त्याला लागून असलेल्या भिंतीची तर आणखीच वेगळी कथा आहे. बियाणे, सिमेंट आणि मोबाइलच्या कंपन्यांची माणसे गावोगाव फिरतात, जाहिरात लिहू दिली तर दर्शनी भिंत फुकट रंगवून देतात आणि घरमालक आनंदाने होकार देतो. त्या भिंतीवरून स्वभाव सांगायचा झाला तर कंपनीच्या जाहिरात विभागाचा सांगावा लागेल.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो पोपडे आलेल्या भिंतीच्या मालकावर. सोयरिकीसाठी आलेले पाहुणे बैठकीत बसताच भिंतींवरून नजर फिरवतात आणि रंग उडालेला दिसला की घरातली माणसे आळशी, बेफिकीर असे मनात ठरवून टाकतात. कोणत्या रंगातून उत्साह दिसतो आणि कोणत्यातून उदासी, हे छापणाऱ्या लेखांमुळे या नजरेला शास्त्राचा आधार असल्यासारखे वाटू लागते. वास्तविक आमची काळी कसदार जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ज्या मातीमुळे कापूस येतो तीच माती पाया हलवते, भिंतीला तडे पाडते, तड्यांतून ओल चढवते आणि त्या ओलीबरोबर वर आलेले क्षार सुकून पांढरा लोणा धरतात. प्लास्टर कोरडे होण्याआधी आणि लोणा खरवडून काढल्याशिवाय मारलेला महागातला महाग रंग दोन पावसाळ्यांत सुटतो. हा पायाचा, ओलरोधक थराचा आणि घाईचा प्रश्न आहे. गिऱ्हाईक मात्र दुकानदाराला दोष देते आणि पाहुणे घरमालकाला.

या विषयाला शास्त्र म्हणून काय आधार आहे, हेही पाहणे योग्य ठरेल. रंगांच्या पसंतीवरून व्यक्तिमत्त्व सांगणारी सर्वांत प्रसिद्ध चाचणी स्विस मानसशास्त्रज्ञ मॅक्स ल्युशर यांनी १९४७ साली मांडली. तिच्या छोट्या प्रकारात करडा, निळा, हिरवा, लाल, पिवळा, जांभळा, तपकिरी आणि काळा अशी आठ पत्ती आवडीच्या क्रमाने लावायची असतात. पुढे इतर संशोधकांनी तिचे निष्कर्ष मान्यताप्राप्त व्यक्तिमत्त्व चाचण्यांशी ताडून पाहिले तेव्हा दोहोंचा मेळ बसला नाही. तरीही लोकांना असे वर्णन 'अगदी माझेच' का वाटते, याचे उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांच्या १९४८ सालच्या प्रयोगात आहे. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचे वर्णन' म्हणून एकच मजकूर वाटला, तोही बहुतांशी भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. 'तुम्ही वरून कणखर पण आतून हळवे आहात' हे वाक्य निळ्या रंगाखाली छापा किंवा पिवळ्या, वाचणारा मान डोलावतोच.

याचा अर्थ रंगाच्या आवडीला काहीच कारण नसते असा नाही. बर्कले येथील स्टीफन पामर आणि कॅरन श्लॉस यांनी २०१० साली असे दाखवले की, ज्या रंगाच्या वस्तू आपल्याला प्रिय असतात तो रंग आपल्याला आवडू लागतो. स्वच्छ आकाश आणि स्वच्छ पाणी यांमुळे निळा अनेकांना आवडतो आणि कुजक्या वस्तूंची आठवण करून देणारे रंग नावडतात. म्हणजे आवड येते ती माणूस जे पाहत आणि भोगत जगला त्यातून. हे मला पुष्कळसे पटते, पण तेही सरसकट लावता येणार नाही. सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा रोग पडला की शेतकऱ्याला पिवळा रंग डोळ्यांसमोर नकोसा होतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आमच्याकडचा कापूस खाल्ला. पण बोंडअळीच्या त्या हंगामानंतरही माझ्या दुकानातला फिका गुलाबी रंग पूर्वीसारखाच विकला जात होता.

शिवाय शेडकार्डावर निवडलेला रंग आणि भिंतीवर उतरलेला रंग एक नसतो. बोटभर चौकोनात फिका दिसणारा रंग चारही भिंतींवर गेला की गडद वाटतो, आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहिलेली छटा घरच्या पिवळ्या बल्बखाली वेगळीच होते. अशा वेळी 'हा माझा रंग नाही' म्हणून कुरकुरणाऱ्या गिऱ्हाइकाचा स्वभाव नेमका कोणत्या छटेवरून सांगायचा?

स्वभाव दिसतो तो गल्ल्यासमोर, रंग घेताना. एक जण सगळे शेडकार्ड उलटून पालटून पाहतो आणि गेल्या खेपेचाच क्रमांक सांगतो. दुसरा भिंतीचे माप न घेता येतो, रंग कमी पडला की पुन्हा येतो आणि दुसऱ्या वेळी बनवलेला रंग पहिल्याशी तंतोतंत जुळत नाही म्हणून वाद घालतो. बायका दुकानात कमी येतात, पण आल्या की त्यांचे प्रश्न अधिक नेमके असतात. 'भाऊ, मयखाऊ रंग द्या, लेकरायचे हात लागतात भितीले,' असे एक बाई म्हणाल्या. चुलीच्या धुरासाठी स्वयंपाकघराला पुसता येणारा ऑइल पेंट, बाळंतिणीच्या खोलीला वास न येणारा रंग, पाण्याच्या माठामागे गडद पट्टा, हे सगळे त्यांनी आधीच ठरवलेले असते. घराचा विचार कोण करतो हे त्यातून कळते. रंग पिवळा की आकाशी, हे त्यात सर्वांत शेवटी येते.

म्हणून आपणास विनंती आहे की, आपल्या पुरवणीत रंगांवर जागा द्यायचीच असेल तर ती येत्या उन्हाळ्याआधी उपयोगी पडेल अशा माहितीला द्यावी. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावे मे महिन्यात देशातील सर्वाधिक तापलेल्या ठिकाणांत असतात. तरीही शहरातल्या फॅशनमुळे आमच्याकडे बाहेरच्या भिंतींना गडद मरून आणि काळपट करड्या रंगांची मागणी वाढते आहे. हे रंग ऊन शोषतात आणि रात्रभर ती उष्णता खोलीत सोडत राहतात. पांढरा चुना ऊन मोठ्या प्रमाणात परत फेकतो, आणि म्हणूनच अहमदाबादने आपल्या उष्णता कृती आराखड्यात पांढऱ्या छपरांना स्थान दिले व तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरण आणले. स्लॅबवर किंवा टिनावर पांढरा हात कसा मारावा, तो पावसात धुऊन जाऊ नये म्हणून काय मिसळावे आणि त्याला किती खर्च येतो, हे कोणी जाणकाराने आपल्या पानांवर लिहिले तर ते कात्रण मी दुकानात लावीन.

दुसरी गोष्ट शिशाची. २०१६ सालच्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. परंतु त्याआधी दारे-खिडक्यांना मारलेले पिवळे, नारिंगी व लाल ऑइल पेंट अजूनही अनेक घरांत आहेत, कारण त्या रंगद्रव्यांत शिसे वापरण्याची प्रथा होती. लग्नाच्या घाईत पेंटर ते कोरडेच घासतात, आणि ती धूळ त्याच ओसरीवर रांगणाऱ्या लेकरांच्या पोटात जाते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. जुना ऑइल पेंट आधी पाण्याने ओला करून मगच घासावा, त्या वेळी मुलांना दुसऱ्या घरी ठेवावे आणि पडलेली पूड झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, एवढे चौकटीत छापले तरी चालेल. अक्षयतृतीयेच्या मुहूर्तावर आमच्याकडे बरीच लग्ने असतात, आणि रंगकाम त्याच्या महिनाभर आधी सुरू होते.

आपला नम्र,
एक रंगविक्रेता वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ