गवताला दोष देण्याआधी उतार मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणात आणि मावळात अलीकडे रस्त्याच्या कडेला गवताने शाकारलेली, कुडाच्या (काठ्या विणून मातीने लिंपलेल्या) भिंतींची पर्यटक-कुटिरे दिसू लागली आहेत. हौस चांगली आहे. पण त्यांतली बरीच छपरे दुसऱ्या पावसाळ्यातच गळू लागतात, आणि मग ‘गवत काही टिकत नाही’ असे म्हणून वर पत्रा चढतो. चूक गवताची क्वचित असते. बहुतेक वेळा ती उताराची असते.

मंगलोरी कौलाला तीसेक अंशांचा उतार पुरतो, गवताला किमान ४५ लागतो. हिशेब सोपा आहे: घर १२ फूट रुंद असेल तर आढे, म्हणजे छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड, भिंतीच्या माथ्यापासून ६ फूट वर हवे. कारण गवत पाणी अडवत नाही, खाली सरकवते. थेंब काडीवरून काडीवर घरंगळत वळचणीला, म्हणजे छपराच्या खालच्या कडेला, येतो. भिजतो तो वरचा दीड-दोन इंचांचा थर, आणि उघडीप मिळाली की तोही सुकतो. पाखे, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, पसरट केले की थेंब सरकायचा सोडून आत मुरतो, गवत कुजते, आणि आषाढातला वारा सुटला की वळचणीचे पाणी आढ्याला जाते. म्हणीतली नव्हे, खरीखुरी गोष्ट. नवे बांधणारे कौलारू घराचा सांगाडा तसाच उचलतात आणि त्यावर गवत घालतात, तिथेच सगळे फसते.

गवत कापायचे ते दिवाळीनंतर, बी झडून गेल्यावर. बी राहिले तर उंदीर आणि पाखरे छप्पर उसकटतात. भाताचा पेंढा मऊ असतो, तो एकाच पावसाचा. डोंगरउतारावरचे लांब, ताठ गवत दोन-तीन पावसाळे काढते, पण वरचा थर दर मे महिन्यात चढवावाच लागतो. बांधणी वळचणीपासून आढ्याकडे करायची, वरचा थर खालच्यावर निम्म्याहून जास्त चढवायचा, बांबूच्या कामट्यांनी दाबून आवळायचे. आवळल्यावर जाडी आठ-नऊ इंच भरली पाहिजे. काही ठिकाणी गवताखाली सागाची किंवा पळसाची पाने पसरतात. गळती सुरू होते ती बहुधा आढ्यावर, म्हणून तिथे गवत दोन्ही पाख्यांवर दुमडून वरून बांबूने जखडतात. ‘शाकारणी’ आता आपण कौलांचीही म्हणतो, पण कौले दर वर्षी नव्याने घालत नाहीत. गवताच्या घराला मात्र ती चुकत नाही.

छपराखाली प्लॅस्टिकचा कागद घालू नये. आतली वाफ त्याला अडते आणि गवत खालून कुजते, वरून पाहिले तर छान पिवळे दिसत असताना. जुन्या घरात चूल होती; तिचा धूर गवतातून झिरपत बाहेर पडे, त्याने छप्पर सुके राही आणि कीडही कमी लागे. पर्यटकांसाठी चूल कोणी पेटवणार नाही हे मान्य, पण मग निदान दोन्ही टोकांच्या त्रिकोणांतून वारा खेळता ठेवावा. चूल ठेवायचीच असेल, तर तिच्या बरोबर वर मातीने लिंपलेला माळा हवा. ठिणगीला गवत दिसता कामा नये.

भिंतींचेही तसेच. कुडाला लागते कारवी, डोंगरउतारावरचे झुडूप; ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते. तिच्या बोटाएवढ्या जाडीच्या सरळ काठ्या उभ्या लावून, आडव्या कामट्यांना बांधून कुड विणतात. त्यावर माती, शेण आणि भाताचा तूस तीन-चार दिवस मुरवून लिंपायचे. पहिला हात वाळताना भेगाळतोच, त्याने घाबरू नये. दुसरा पातळ हात त्या भेगा भरतो. इथे सिमेंटचा गिलावा दिला की काम बिघडलेच. कुड ऋतूप्रमाणे हलतो, सिमेंट हलत नाही, त्याला तडे जातात. तड्यातून शिरलेले पाणी बाहेर येत नाही आणि आत वाळवी निवांत जेवते. मातीच्या भिंतीवर वाळवीची वाट लगेच दिसते.

या मातीच्या भिंतीला दोनच गोष्टी वाचवतात: अडीच-तीन फूट बाहेर आलेली वळचण आणि दीड-दोन फुटांचे दगडी जोते. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून फूटभर उडते, ते दगडावर पडावे, कुडावर नव्हे. बांबू वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवला, तर त्यातले सत्त्व धुऊन जाते आणि भुंगा कमी लागतो. खांब ऐनाचे किंवा खैराचे असावेत.

ही रीत किती जुनी आहे ते शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावला कळते. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात (१९६८ ते १९८३) तिथे इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली घरे सापडली. कुडाच्या भिंती, शेणामातीचे लिंपण, वर गवत. आधीची घरे मोठी आणि चौकोनी, शेवटच्या टप्प्यातली लहान आणि गोल. याच देशावर पुढे धाब्याची, माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरे रूढ झाली, कारण पाऊस कमी. कोकणात माळवद एक पावसाळाही उभे राहणार नाही.

सरकारी व्याख्येत गवताचे घर ‘कच्चे’ असते, आणि ज्याला दर मे महिन्यात गवत, मजूर आणि आगीची धास्ती सांभाळावी लागते, त्याने प्रधानमंत्री आवास योजनेतून पक्के घर बांधले तर त्यात वावगे काहीच नाही. आक्षेप आहे तो ‘पारंपरिक’ म्हणून पैसे घेऊन परंपरेतला उतारच गाळणाऱ्यांवर.

अशा कुटिराचे मालक असाल तर चार दिवसांच्या झडीनंतर वळचणीपाशी छपरात हात घालून पाहा. दोन इंचांखाली गवत कोरडे लागले तर काम ठीक आहे. हाताला चिकट, काळपट गवत आले, तर नवे गवत विकत घेण्याआधी वासे उतरवून आढे उचलावे लागेल.

आपला,
एक वाचक, जि. रायगड