जुन्या गाड्यांचे पार्ट घडवणाऱ्यांबद्दलही लिहा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या रॅलीचे फोटो बघितले, मस्तच होते, पण या गाड्यांचे पार्ट घडवणारा माणूस एकाही फोटोत नव्हता ते मनाला लागलं म्हणून लिहितोय.

आमच्याकडे वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी, हँडल गिअर. ती गाडी बनायची बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली. इंजिनाचं सामान अजून शोधलं की मिळतं, अडतं ते बारीकसारीक गोष्टींना, बोल्ट, बिजागरी, लॅच.

मागच्या वर्षी पुढच्या सस्पेन्शनचा एक बोल्ट गेला. दुकानातून १० एमएमचा आणला तर दोन आटे फिरला आणि अडकला, कारण आमच्या गाडीत पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ एमएम आणि बाजारात सरसकट मिळतो १.५ चा. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले स्टेनलेसचा टाका, गंजायचा नाही. पण डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट ८०० मेगापास्कल ताकदीचा असतो आणि नेहमीचा ए२-७० स्टेनलेस ७०० चा, मग चकचकीत दिसतो म्हणून सस्पेन्शनला कसा घालायचा? शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका टर्नरकाकांनी ८.८ चा लांब बोल्ट घेतला, त्याचे आटे कापून टाकले आणि मधल्या कोऱ्या दांड्यावर लेथवर १.२५ चे आटे पाडून दिले. अर्ध्या तासाचं काम, पण ते जमणारा माणूस मला तीन आठवड्यांनी सापडला.

क्वार्टर ग्लासच्या, म्हणजे दाराच्या छोट्या तिकोनी काचेच्या, लॅचची गोष्ट तर अजून मोठी. मूळ लॅच मझॅकचा, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचा, तुटला की वेल्डिंग धरत नाही. तुटके तुकडे चिकटवून त्याचाच साचा केला आणि पितळेत ओतला, तर तो बसेचना. पितळ गार होताना दीड टक्क्याच्या आसपास आकसतं, ६० एमएमच्या लॅचमध्ये जवळजवळ एक एमएम गेला की! मग पॅटर्नवाल्यांनी, म्हणजे ओतकामाचा नमुना करणाऱ्यांनी, तेवढं माप वाढवून लाकडात नवीन पॅटर्न केलं, पुन्हा ओतलं, भोकं पाडली, बफिंग, निकेल, क्रोम. आता काच बंद केली की खट्ट आवाज येतो तसा वडिलांच्या वेळी यायचा.

२०२१ च्या केंद्राच्या नियमाने ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात पाहिजे. आमच्या पद्मिनीला अजून थोडी वर्षं आहेत, आणि तोवर तुटका नमुना हातात घेऊन तसाच पार्ट करून देणारे काका काम करत असतील का हीच मला काळजी आहे. त्यांच्या मुलाचं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आहे, तो म्हणतो ड्रॉइंग आणा. ते ड्रॉइंगच तर कुणाकडे नाही!

माझी विनंती एवढीच आहे की आयटीआयच्या पोरांना असे तुटके पार्ट मोजून ड्रॉइंग करायचं काम द्यावं, आणि तुमच्या प्रतिनिधीने एकदा उद्यमनगरात येऊन काकांसारख्या लोकांवर पानभर लिहावं, मी स्वतः घेऊन फिरवतो.

लॅचचं लाकडी पॅटर्न मी जपून ठेवलंय. कुणा पद्मिनीवाल्याला हवं असेल तर खुशाल घेऊन जा, काम झालं की तेवढं परत आणून द्या.

– आपला एक वाचक, कोल्हापूर