पन्नास पैशांचं कार्ड आणि नऊ अक्षरं

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सलाम.

पोरांचं दृढीकरण, म्हणजे बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून करायचं कन्फर्मेशन, होऊन दीड महिना झाला. बिशपसाहेबांची गाडी गेली, मांडव उतरला, भाड्याची पातेली धुऊन परत गेली आणि दरवर्षीसारखी विसरायला सुरुवात झाली. तेवढ्यात मागच्या मंगळवारी पोस्टमन आपल्या गल्लीत सायकल टेकवून उभा राहिला आणि शाळेत हजेरी घेतात तसं एकेका पोराचं नाव पुकारत कार्ड देत गेला. पन्नास पैशांचं साधं पोस्टकार्ड. पुढच्या बाजूला मुलाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. एकाच्या मागे एवढंच:

प मा में आ. म का उ प ना

खाली ना सही, ना आशीर्वाद, ना "अभ्यास कर". पोस्टमनला वाटलं, कुणाचं तरी गुपित दिसतंय. ज्याचं कार्ड होतं तो उंबऱ्यातच उभा राहून एकेका अक्षरावर अंगठा ठेवत गेला. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही... "उ"वर थांबला. बराच वेळ थांबला. मग "उणे" सापडलं आणि पुढचे दोन शब्द पळतच आले. त्याच्या नावानं घरात आलेलं ते पहिलंच पत्र.

आभार तुम्ही पाठवलेल्या त्या कार्डाचे मानायचे आहेत. बाकीचं ओघात येईल.

आधीच्या सालांबद्दल मात्र बोलायलाच हवं. आपल्याकडे कन्फर्मेशनची तयारी म्हणजे झेरॉक्सचं जाडजूड बाड. बिशपसाहेबांची तारीख कळली की ते वाटायचं, शेवटचे दोन रविवार सगळ्यांनी मिळून ओरडायचं, आणि चुकलं की चुकीला एक रुपया डब्यात. दंडाच्या पैशातून चहा व्हायचा, म्हणजे पोरं जितकी चुकतील तितका चहा गोड. एका सद्गृहस्थांनी तर पालकांच्या तोंडावर सांगितलं होतं की, ज्यांच्या घरी अहिराणी नाहीतर मावची बोलतात त्यांच्या जिभेवर शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, मराठी बसायचं नाही. जळगावच्या शेजारी असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळखसुद्धा नव्हती; जात्यावर आणि शेतात रचलेलं सगळं त्यांच्या तोंडी होतं, घरच्यांनी ऐकून उतरवून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. त्या मुलखातल्या पोरांच्या डोक्यात काही राहत नाही म्हणायचं, म्हणजे कमाल झाली. आणि शास्त्रातल्या वचनाला आपले जुने लोक अजून "ओवी"च म्हणतात, हे त्या गृहस्थांना कुणी सांगितलं नव्हतं वाटतं.

यंदा वर्ग तुम्ही घेतलात आणि पहिल्याच रविवारी ते बाड बाजूला ठेवलंत. वर्षभरासाठी बारा उतारे निवडलेत. पाळकसाहेबांना ते कमी वाटले. पण प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची कबुली, हे तर असतातच. त्यावर पन्नास वचनं लादली की एकही बसत नाही, हे तुमचं म्हणणं वर्षाच्या शेवटी सगळ्यांना पटलं.

मग भाषेचं. तेविसावं स्तोत्र पाठ करण्याआधी तुम्ही पोरांना ते घरच्या बोलीत सांगायला लावलंत. "देव मना मेंढपाळ शे, माले काही कमी पडाव नही." अर्थ आधी घरी आला, शास्त्राचे शब्द मागून आले. चौथ्या वचनात "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" असं आहे. आधीच्या वर्गांत ही ओळ आली की पोरं खाली मान घालून हसायची, कारण आकडी म्हणजे त्यांच्या लेखी झटके. माणूस तोंडाला फेस येऊन पडतो ती. देवाची आकडी धीर कशी देईल? कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, वर्षानुवर्षं तसंच पाठ होत राहिलं. तुम्ही पुढच्या रविवारी बाभळीच्या शेंगा पाडायची बांबूची आकडी एसटीतून घेऊन आलात, कंडक्टरशी वाद घालून. ती हातोहात फिरवलीत. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांची मेंढरं पाहिलेल्या एका मुलीनं आपणहून सांगितलं की काठी लांडग्यासाठी आणि आकडी मेंढरासाठी, खड्ड्यातून मान धरून ओढायला. ती ओळ आता कुणी चुकत नाही.

पोरं कुठं चुकतात हे तुम्हाला आधीच ठाऊक असायचं, याचं आम्हाला सगळ्यात नवल वाटलं. ह्याच स्तोत्रात पहिल्या तीन वचनांत देवाविषयी बोलणं चालतं: तो मला बसवतो, तो मला नेतो. चौथ्यात, मृत्युच्छायेच्या दरीत शिरताच, "तो" जाऊन "तू" येतो: कारण तू माझ्याबरोबर आहेस. सांधा तिथं आहे आणि गाडी घसरते तीही तिथंच. पोरं "तो माझ्याबरोबर आहे" म्हणून मोकळी होतात. तुम्ही ती चूक नुसती दुरुस्त केली नाहीत. अंधाऱ्या वाटेनं जाताना माणूस बापाविषयी बोलत नाही, बापाचा हात धरून बापाशी बोलतो, एवढं एक वाक्य सांगितलंत.

तसंच डोंगरावरच्या प्रवचनाचं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू एकेकाला "धन्य" म्हणत जातो; तिथं तिसऱ्या वचनाचा शेवट "कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे" असा आणि दहाव्याचाही अगदी तोच. त्यामुळे होतं काय, की पोरगं "आत्म्याने दीन" म्हणून झालं की त्या शेवटावरून थेट अकराव्या वचनात उडी मारतं आणि मधले सात धन्य गडप. किंवा उलटं, दहाव्यावर आलं की पुन्हा चौथ्याकडे वळतं आणि घाण्याच्या बैलासारखं फिरत बसतं. तुम्ही आठ बोटं मोजायला लावलीत, पहिल्या आणि आठव्या बोटाला एकच रंगाचा दोरा बांधलात, आणि नववा धन्य वेगळा काढलात, कारण तिथं "ते धन्य" नाही, "तुम्ही धन्य" आहे.

लांब उतारा तुम्ही शेपटाकडून शिकवलात. आधी शेवटचं वाक्य, मग त्याच्या आधीचं आणि शेवटचं, असं मागे मागे सरकत. सुरुवातीपासून घोकलं की पहिल्या ओळी शंभरदा म्हटल्या जातात, शेवटच्या दहादा. मंडळीसमोर उभं राहिल्यावर आवाज पडायला लागतो तो नेमका त्या दहादा म्हटलेल्या ओळींत. शेपटाकडून शिकलेलं पोर जसजसं पुढे जातं तसतसं ओळखीच्या गावात शिरतं. आणि वचनाचा पत्ता, म्हणजे पुस्तक, अध्याय आणि वचनाचा आकडा, आधी एकदा, नंतर एकदा, प्रत्येक वेळी. पत्ता नसलेलं वचन डोक्यात राहतं, पण हवं तेव्हा सापडत नाही.

भाषांतरांचा घोळ वेगळाच. मराठीत पहिला नवा करार बंगालमधल्या सेरामपूरला १८११ साली छापला गेला, पंडिता रमाबाईंचं भाषांतर १९२४ साली आलं, आणि आता मोबाईलवर सोप्या मराठीतलंही मिळतं. वाचायला सगळी चांगली. पण पोरगं घरी मोबाईलवरून अर्धं पाठ करतं, रविवारी छापील शास्त्रातून उरलेलं, आणि मग अर्ध्या वाक्यात "मेंढपाळ" नि अर्ध्यात दुसराच शब्द. दोन रुळांवर दोन चाकं. तुम्ही सांगितलंत की पाठांतराला एकच भाषांतर आणि जमलं तर एकच प्रत, कारण वचन पानाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे डोळाही लक्षात ठेवतो.

तुम्ही सुरू केलेली पाठांतराच्या कार्डांची पेटी अजून चालू आहे. जुन्या लग्नपत्रिका कापून, पाठकोऱ्या बाजूवर वचन, उलट बाजूला पत्ता, आणि कोपऱ्यात "केव्हा?" असा प्रश्न. त्याचं उत्तर मुलानं स्वतः लिहायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री. दादाचा राग आल्यावर. आजी गेली तेव्हा. खडूच्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार कप्पे: रोज, दिवसाआड, आठवड्याला, महिन्याला. न चुकता आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, एक शब्द चुकला तरी परत "रोज"मध्ये. दंड नाही, नुसतं कार्ड मागे येतं. रोजची पाच-सात मिनिटं. पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच झपाट्यानं उडतं आणि विसरायच्या बेताला आलेलं धडपडून आठवलं की ते मुरतं, ह्या दोन गोष्टींवर पेटीचा सगळा हिशेब. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यानं ओळखीचं वाटतं, पाठ होत नाही.

आयांना तुम्ही एकच काम दिलंत आणि तेच सगळ्यात अवघड निघालं: पोर अडखळलं की शब्द पुरवायचा नाही. मनात दहापर्यंत मोजायचं. दहा झाले तर फक्त पहिलं अक्षर द्यायचं, शब्द नाही. आपल्या बायांचा जीव तीनलाच वरखाली व्हायचा. पण लगेच शब्द मिळाला की पोर आठवायचं सोडून आईच्या ओठांकडे बघायला शिकतं, आणि वेदीपुढे आईचे ओठ नसतात.

नुसत्या पाठांतराला तुम्ही भुललाही नाहीत, हे विशेष लिहायला हवं. रानात सैतानानं येशूला मोहात पाडलं तेव्हा येशूनं तिन्ही वेळा जुन्या करारातल्या "अनुवाद" नावाच्या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिलं, आठव्या आणि सहाव्या अध्यायातल्या. पण सैतानालाही एक्याण्णवावं स्तोत्र पाठ होतं, तुम्ही सांगितलंत. कार्डावरचा तो "केव्हा?" तेव्हा आम्हाला नीट कळला. ढाली आणि बक्षिसं ठेवणाऱ्यांना अजून कळायचा आहे.

(आपल्या नंदुरबार-नवापूर पट्ट्यात मोठेपणी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या पुष्कळ; तिथं दृढीकरण नसतं. पण पेटी त्यांच्या संडेस्कूलनंही मागून नेली. शोमरोनात येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांनी कुणाच्या डोक्यावर हात का ठेवले यावर वाद होऊ शकतो, खडूच्या खोक्यावर होत नाही.)

आता पुन्हा त्या पोस्टकार्डाकडे. दृढीकरणाच्या दिवसापर्यंत शिकवणारे पुष्कळ असतात. त्या दिवशी फोटो निघतात, हार पडतात. दीड महिन्यानं, जेव्हा कुणी बघत नाही आणि विसर नेमका मूळ धरतो, तेव्हा अकरा मुलांना अकरा वेगवेगळी वचनं, फक्त पहिली अक्षरं काढून, हातानं लिहून पाठवणं, हे कुणाच्या कामात बसत नाही. अख्खं वचन लिहिलं असतंत तर पोरांनी वाचून खिडकीत खोचलं असतं. अक्षरं पाठवलीत म्हणून त्यांना आत जाऊन शोधावं लागलं. कुणाच्या आत काय ठेवलंय हे तुम्हाला मुलागणिक आठवत होतं, हे त्यांना कळलं, आम्हालाही.

आणि ते दोघं. दिवाळी होताच त्यांची घरं कुलूप लावून गुजरातेत ऊसतोडीला गेली. फडावरच्या पालाला पत्ता कसला असणार? त्यांची कार्डं तुम्ही मुकादमाच्या माणसाकडे दिलीत, टेम्पोतून पाठवलीत, आणि पोचली का ते विचारायला दोनदा फोन केलात. एकाचं कार्ड पोचेपर्यंत उसाच्या पाचटात ओलं होऊन शेवटची दोन अक्षरं पुसली होती. त्यानं ती न बघताच भरली, असं त्याच्या बापानं फोनवर सांगितलं. बापाला वाचता येत नाही. पोरगं म्हणत असताना तो बोटं मोजत होता म्हणे.

शाल-श्रीफळ तुम्ही नाकारलंत. एसटीचं भाडं देऊ केलं तर म्हणालात, त्याची कार्डं आणा. माणूस असा वागला की मंडळीतली भांडणंही चार दिवस थंडावतात. यंदा ताळेबंदाची सभा आरडाओरड्याशिवाय झाली, याचं श्रेय तुम्हाला देणारेही इथं आहेत. ते सद्गृहस्थ सभेला होते. त्यांनी पेटी उघडून बघितली, एक कार्ड काढलं, मागचा पत्ता वाचला आणि वचन आठवेना म्हणून मुकाट्यानं परत "रोज"मध्ये ठेवलं.

मुलांनी तुमच्यासाठी पोस्टकार्ड आणलंय. एकानं अक्षरं लिहिली, बाकीच्यांनी तपासली, भाषांतर तुम्ही ठरवलेलंच धरलंय. वचनाचा पत्ता मुद्दाम घातला नाही.

तु व मा पा दि व मा मा प्र आ

आपले,
दृढीकरण वर्गाचे पालक आणि संडेस्कूलचे शिक्षक