शालूचा रंग मोजून दाखवणाऱ्या नानांस

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात आपण धुळ्याहून अमळनेरमार्गे एस.टी.ने चोपड्याला आलात, माझ्या स्टुडिओत दोन दिवस बसून मॉनिटरचे रंग मोजून बरोबर लावून दिलेत आणि जाताना तिकिटाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. त्या वेळी घाईत मानलेले आभार मला अपुरे वाटत राहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसाठी खुले ठेवत आहे, कारण लग्नाचे अल्बम करणारे माझे अनेक बांधव आपल्या खानदेशात आहेत आणि माझ्याकडून जी चूक वर्षभर होत होती ती त्यांच्याकडूनही होत असण्याचा संभव आहे.

चूक अशी होती. मी नवा, मोठ्या किमतीचा वाइड गॅमट, म्हणजे नेहमीपेक्षा अधिक भडक रंगही दाखवू शकणारा, मॉनिटर घेतला होता. त्यावर हळदीचे आणि शालूचे रंग फार भडक दिसत, म्हणून मी फोटोतले सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, कमी करत असे. सकाळी काम सुरू करताना पांढरे फेटे निळसर दिसत, म्हणून फोटोत पिवळेपणा वाढवत असे. छापून आलेल्या अल्बममध्ये शालू विटके आणि चेहरे काविळीसारखे दिसू लागले, तेव्हा मी सारा दोष छापणाऱ्या लॅबला दिला. शेवटी एक माउली मुलीचा शालूच पिशवीत घालून घेऊन आल्या, अल्बमच्या पानाशेजारी तो काउंटरवर पसरला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहत राहिल्या. त्याच रात्री मी आपल्याला फोन केला.

आपण आल्यावर आधी काहीच केले नाही. मॉनिटर सुरू करून अर्धा तास तापू दिला आणि खिडकीचा पडदा ओढून घ्यायला सांगितला. मी घाई करू लागलो तेव्हा आपण एवढेच म्हणालात, "डोयावर भरोसा ठेवू नको." सकाळी निळसर दिसणारे फेटे दुपारी मला पांढरे का वाटत होते, हे त्या वाक्याने उलगडले. डोळा समोरच्या पांढऱ्याला काही मिनिटांत सरावतो आणि तोच पांढरा खरा मानू लागतो. म्हणजे एकाच लग्नाचे सकाळी केलेले आणि दुपारी केलेले फोटो मी वेगवेगळ्या मापाने दुरुस्त करत होतो.

मग आपण कलरीमीटर, म्हणजे रंग मोजणारे यंत्र, मॉनिटरच्या पडद्यावर लटकवला, मॉनिटरच्या बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्याचा) प्रकार प्रोग्राममध्ये बरोबर निवडला आणि पांढरा मोजला. तो ७४०० केल्विनच्या आसपास निघाला. हवा होता ६५००; हा आकडा जितका मोठा, तितका पांढरा निळसर. बहुतेक लॅबना फायली एसआरजीबीत, म्हणजे कोणत्या आकड्याचा रंग कोणता हे ठरवणाऱ्या प्रचलित मानकात, लागतात. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेल्या त्या मानकाचा पांढरा तोच आहे. ही दुरुस्ती आपण थेट लुकअप टेबलवर, म्हणजे पडद्याकडे जाणारे आकडे बदलणाऱ्या कोष्टकावर, सोपवली नाही. आधी मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी निळा उतरवला आणि उजेड दर चौरस मीटरला १२० कॅन्डेलावर आणला. कारण आठ बिटांत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच असतात; निळ्याची वरची हद्द टेबलने २३० वर आणली तर त्याच्या पंचवीस पायऱ्या वाया जातात आणि आकाशासारख्या सपाट भागात पट्टे दिसू लागतात. हे कारण मला तोपर्यंत कोणीच सांगितले नव्हते.

त्यानंतर ग्राफिक्स कार्डातले एकमितीय लुकअप टेबल तयार झाले. लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वक्ररेषा, प्रत्येक पायरीला कोणता आकडा बाहेर पाठवायचा एवढेच सांगणाऱ्या. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी आपण आधी दाखवली तेव्हा तिचा गडद भाग लालसर होता. टेबल लागताच ती टोकापासून टोकापर्यंत राखेसारखी निखळ झाली. मला वाटले, काम संपले. आपण शालूचा फोटो उघडलात. तो तसाच भडक होता.

येथे आपण कागद घेऊन जे समजावले, तो कागद मी जपून ठेवला आहे. एसआरजीबीचा शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ०. तोच लाल पी-३ या अधिक रुंद रंगपल्ल्याच्या पडद्यावर हवा असेल तर साधारण २३४ लाल, ५१ हिरवा आणि ३५ निळा असे मिश्रण पाठवावे लागते. एकमितीय टेबलमधली लालाची रेषा लाल कमीजास्त करू शकते, पण त्यात हिरवा मिसळणे तिच्या हाती नसते. त्यासाठी तिन्ही आकडे एकत्र पाहणारे त्रिमितीय टेबल लागते. आपण प्रत्येक बाजूस ३३ बिंदूंचे, म्हणजे ३५,९३७ नोंदींचे टेबल केलेत. मधल्या रंगांची किंमत शेजारच्या बिंदूंवरून काढली जाते. शेकडो रंगांच्या चौकटी एकामागून एक मोजल्या जात असताना आपण रात्री उशिरापर्यंत खुर्चीवर बसून होतात आणि मला मात्र जेवायला घरी पाठवलेत.

दुसऱ्या दिवशी आपण जे बजावलेत, ते मी विशेष करून येथे लिहितो, कारण या ठिकाणी जाणकारही फसतात. त्रिमितीय टेबलने सारा डेस्कटॉपच एसआरजीबी केला असेल, तर सिस्टिममध्ये मॉनिटरचे प्रोफाइल (त्याच्या रंगांची माहिती देणारी फाइल) म्हणूनही एसआरजीबीच ठेवावे. जुने वाइड गॅमट प्रोफाइल तसेच राहिले, तर प्रोफाइल वाचणारे प्रोग्राम एकदा आणि टेबल पुन्हा एकदा अशी दुरुस्ती दोनदा होते, आणि रंग विटतात. प्रोफाइल पडद्याचे वर्णन करते, टेबल पडद्याकडे जाणारे आकडेच बदलते. हा फरक आपण माझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलात.

ही सारी मोजणी आणि टेबले आपण ग्रेम गिल यांच्या आर्गिलसीएमएस आणि फ्लोरियन होख यांच्या डिस्प्लेकॅल या मुक्त प्रोग्रामांवर केलीत. शेवटची मोजणी तर सर्वस्वी माझ्याच हातून करवून घेतलीत. त्यामुळे ड्रायव्हर बदलल्यावर दोनदा टेबल उडाले तेव्हा मला आपल्याला त्रास द्यावा लागला नाही; राखाडी पट्टी पाहूनच मला ते कळले आणि मी ते पुन्हा लावले.

त्या माउलींचा अल्बम मी त्याच लॅबकडून स्वखर्चाने पुन्हा छापून घेतला आणि लॅबवाल्यांची क्षमाही मागितली. नवे पान त्यांनी शालूशेजारी ठेवले आणि या वेळी पिशवीत दोन्ही घालून घेऊन गेल्या.

आपण सरावासाठी ठेवून गेलेला कलरीमीटर परत करण्यास येत्या रविवारी धुळ्याला येत आहे. बामणोदची भरताची वांगी बाजारात आली आहेत, तीही सोबत आणतो. पैशांप्रमाणे त्यांना नाही म्हणू नये, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
चोपड्याचा एक छायाचित्रकार